मुक्तिफौजेचा ढोल आणि आमची वरात

धर्माच्या नावाने पलटणीचा पोशाख, कॉलरवर बिल्ले आणि भर रस्त्यात ढोल-कॉर्नेट! 'मुक्तिफौज' म्हटली की आमच्या जळगाव-धुळ्याकडचे शहाणे लोक हसतात. "ही कसली भक्ती? हे तर इंग्रजी सोंग!" असा त्यांचा निकाल ठरलेला. या निकालाशी आमचे भांडण आहे.

सोंगाला अर्थ नसतो. विल्यम बूथच्या या फौजेचे निशाण १८७८ सालचे. त्यातला तांबडा रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, निळा पावित्र्याचा, पिवळा पवित्र आत्म्याच्या अग्नीचा. शिपाई होणारा लेखी शपथेवर सही करतो आणि दारू-तंबाखू सोडतो. बाप्तिस्मा नि प्रभुभोजन हे विधीही फौज करीत नाही. सोंगाड्या विधी वाढवतो. हिने ते कमी केले!

आणि तो बँड? सॉल्सबरी गावचा फ्राय नावाचा बांधकाम करणारा गृहस्थ तीन मुलांसह पुढे आला, तो सभा उधळणाऱ्या गुंडांपासून प्रचारकांना वाचवायला. येताना त्यांनी आपली वाद्ये आणली, एवढाच त्याचा उगम. वाद्ये परकी म्हणाल, तर लग्नसराईत खानदेशातली वरात कशावर नाचते? क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काय पारोळ्यात घडले, की चोपड्यात? अहिराणी गाणे वाजवले की बाजा आपला आणि भजन वाजवले की परका, हा कुठला न्याय?

१८८२ च्या सप्टेंबरात फ्रेडरिक टकर तीन सोबत्यांसह मुंबईस उतरला. सनदी नोकरी सोडून आलेल्या या गोऱ्याने भगवी वस्त्रे घेतली, 'फकीरसिंग' नाव घेतले, तो अनवाणी हिंडला. वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून या मंडळींना अटक झाली, ती गोऱ्या सरकारच्याच पोलिसांकडून. इंग्रजी सोंगाला इंग्रजच तुरुंगात घालतात काय?

तरी जाब विचारण्यासारखे आहेच. ज्या जमातींना सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या काही वसाहती उत्तरेत याच फौजेने सरकारसाठी चालवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. माणसांवरचा डाग अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा विचारा: तुमची दया पोलिसाच्या काठीला का टेकली? हेही विचारा: औषधाच्या बाटलीबरोबर धर्म घ्यावा लागतो काय? हे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे कॉर्नेटात सापडणार नाहीत. ती नगरच्या बूथ रुग्णालयाच्या खाटांजवळ शोधावी लागतील. २०२० साली करोनाच्या भीतीने माणूस माणसाला शिवत नव्हता, तेव्हा त्या खाटांवर रोगी होते आणि उशाशी परिचारिका होत्या.

जाब विचारणाऱ्याने मात्र आपले अंगणही पाहावे. मुक्तिफौजेत ढोल वाजवणारा स्वतः फौजेचा शिपाई असतो. पैशासाठी तो वाजवीत नाही, आणि प्रार्थनेला इतरांच्या बरोबरीने बसतो. आमच्या वरातीपुढेही तांबडा कोट घातलेला वाजंत्री चालतो. त्याचे घर कितीदा तरी गावकुसाबाहेर असते. रात्रभर त्याच्या तालावर आम्ही नाचतो आणि पंगत उठल्यावर त्याला मांडवाच्या कडेला वाढतो. दोन्ही कोट पलटणी थाटाचेच. सोंग कोणत्या कोटाचे, ते ऐन दिवाळीत दिव्याच्या उजेडात ज्याचे त्याने पाहावे.