बेटावरील पेठ

कॅनडातील व्हँकुव्हर शहरी, फॉल्स क्रीक खाडीत ग्रॅनव्हिल नावाचे बेट आहे. नावालाच बेट, वस्तुतः खाडीचा गाळ उपसून 1916 च्या सुमारास घातलेला तो भराव. त्यावर साखळदंड, दोरखंड, पिंपे बनविणारे कारखाने पत्र्याच्या छपरांखाली अनेक वर्षे धडधडत राहिले. पुढे उद्योग ओसरले. 1970 च्या दशकात केंद्र सरकारने बेटाचा कारभार आपल्या गृहनिर्माण महामंडळाकडे सोपविला.

जमीन विकून मोकळे होणे सोपे होते. त्याऐवजी जुन्या पत्र्याच्या शेडी राखून 1979 मध्ये तेथे भाजी-फळांचा बाजार सुरू झाला. पुढच्याच वर्षी एमिली कार कलाविद्यालय आले.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता खरी मेख भाडेकरारात आहे. जादा भाडे देऊ शकणाऱ्या बड्या साखळी-दुकानांपेक्षा स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराला, कारागिराला येथे प्राधान्य मिळाले. (बाजारात मासळीही असते, हे तेथे जाणाऱ्या साधर्मिकांनी ध्यानी ठेवावे.)

काँक्रीटचा जुना कारखाना मात्र हलविला नाही. 2014 मध्ये त्याच्या उंच टाक्यांवर ब्राझीलच्या जुळ्या भावांनी महाकाय माणसे रंगविली. आजही काँक्रीटच्या गाड्या आणि भाजीच्या पिशव्या एकाच रस्त्याने जातात.

2017 मध्ये कलाविद्यालय अन्यत्र गेले. एवढा मोठा भाडेकरू उठला की मालकाची कसोटी लागते. रिकाम्या झालेल्या इमारतींपैकी एकीत आता आर्ट्स अंब्रेला ही संस्था मुलांना चित्रकला व नृत्य शिकविते.