कठडा नसलेला पूल आणि ट्रॉलीतली माणसे

४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर बाया हळदीच्या कामासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाल्या. नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणींचा जीव गेला, तिघांना वर काढता आले. पंतप्रधानांनी दोन लाख जाहीर केले, मुख्यमंत्र्यांनी पाच लाख जाहीर केले. अशा वेळी आपल्या गावागावांत एकच वाक्य ऐकू येते, काळ आला होता.

हे वाक्य आम्हाला मान्य नाही. कारणाशिवाय कार्य घडत नाही हे ज्यांनी तथागतांकडून घेतले, त्यांनी तरी ते तोंडातून काढू नये. काळ येत नाही, त्याला रस्ता करून दिलेला असतो.

या प्रश्नाकडे कसे पाहावे हे शिकायला आम्हाला परदेशी पुस्तकाची गरज नाही. बाबासाहेबांचा स्वतःचा अपघात चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण तो आपण फक्त अस्पृश्यतेची कथा म्हणून सांगत आलो. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडे गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्याला कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा आणा, असे ठरले. पाहुण्याला पायी कसे न्यायचे, म्हणून महारवाड्यातल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. वाटेतल्या नदीवरच्या पुलाला कठड्याच्या भिंती नव्हत्या, अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले होते. चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे.

आता हाच अपघात आजच्या पोलीस ठाण्यात नोंदवला गेला असता तर फिर्यादीत काय आले असते? चालकाने हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून अपघातास कारणीभूत झाला, एवढेच. महारवाड्यातला तो माणूस आरोपी झाला असता. पुलाला कठडा का नव्हता हे कुणी विचारले नसते, आणि शिकलेला टांगेवाला लगामावर का नव्हता हा प्रश्न तर पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसला नसता. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले. कलमाचा आकडा बदलला, फिर्यादीतले वाक्य तसेच राहिले. नांदेड आणि लातूरच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे आम्ही तेच वाक्य वाचत आहोत.

अपघातांचे संशोधन म्हणजे दुसरे काही नाही, या वाक्याच्या पलीकडे जाऊन कारण शोधणे. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी आयुष्यभर हेच केले. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. त्यांचे सांगणे सरळ होते. माणूस चुकणारच, उपदेशाने तो फारसा बदलत नाही, म्हणून माणसाच्या चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये असे रस्ते आणि वाहने बांधा. भारतात रस्त्यावर मरणारे बहुसंख्य लोक मोटारीत बसलेले नसतात, ते पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले असतात, हेही ते सतत सांगत राहिले. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे २०२२ चे आकडे पाहा. देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले शंभरातले ६८ मृत्यू ग्रामीण भागातले. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५,२२४ मृत्यू झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, तेव्हा जगभरातून मदत आली, भूगर्भाचा अभ्यास झाला, गावेच्या गावे नव्याने वसवली. राज्याच्या रस्त्यांवर दर वर्षी जवळपास दोन किल्लारी होतात. पण ही माणसे एकेकटी, वेगवेगळ्या पाट्यांवर मरतात, म्हणून तो भूकंप वाटत नाही.

मरतो कोण, हा पुढचा प्रश्न. सरकारी अहवाल मृताचे वय सांगतो, स्त्री की पुरुष ते सांगतो, पायी होता की दुचाकीवर ते सांगतो. त्याच्या घरी सातबारा होता की नाही, तो रोजंदारीवर होता काय, कोणत्या वस्तीत राहत होता, हे सांगत नाही. जागतिक बँकेने सेव्ह लाईफ फाउंडेशनबरोबर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्रही होता. अपघातानंतर गरीब घरांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक घरांनी आपले उत्पन्न घटल्याचे सांगितले. आम्हाला यात नवल वाटले नाही. ज्या घरात दोन हात रोज कमावतात तेव्हा संध्याकाळी चूल पेटते, त्यातला एक हात मोडला की सावकार दारात येतो, हे आमच्या पक्षकारांनी आम्हाला कधीच शिकवले आहे.

संशोधनाचा उपयोग होत नाही असेही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून याच संस्थेने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांबरोबर अपघाताच्या एकेका जागेचा अभ्यास केला, धोक्याच्या जागी कठडे बसवले, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या ट्रकांकडे लक्ष दिले. काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणजे इच्छा असली की काळ मागे फिरतो! फक्त तो रस्ता मुंबई-पुण्याचा असावा लागतो.

आमचा रस्ता आहे नागपूरहून नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. पण गावाकडे जाणारा फाटा, ज्याला आपण पाटी म्हणतो, ती पाटी तशीच राहिली. एसटीतून उतरलेली म्हातारी, शाळेची पोरे, शेतावर निघालेल्या बाया आता या चौपदरी रस्त्याच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. अनेक गावांत आपली वस्ती आधीच गावकुसाबाहेर आणि नवा बाह्यवळण रस्ता नेमका तिच्या उंबऱ्याला लागून. हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना, लाल पट्टी नसताना उभा असतो आणि दुचाकीवाला त्यात घुसतो. मार्च २०२५ मध्ये चाकूर तालुक्यात नांदगाव पाटीजवळ दुचाकीस्वाराला वाचवताना एसटी उलटली आणि अनेक प्रवासी जखमी झाले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य दिवसभर फिरले. चर्चा झाली ती दुचाकीवाल्याच्या मूर्खपणाची. त्या पाटीच्या रचनेवर कुणी बोलल्याचे आमच्या कानावर आले नाही.

सरकारची 'अपघातप्रवण स्थळ' ही व्याख्याही समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, की ते स्थळ यादीत येते आणि मग दुरुस्तीचा पैसा येतो. आलेगावची विहीर या यादीत कधीच येणार नाही. शेतरस्त्यावर, पांदीत, कालव्याच्या काठावर मजूर मरतो तो विखुरलेला मरतो. माणूस मेला तरी जागा मोजली जात नाही.

कायद्याच्या बाजूने पाहू, कारण आमचा अन्न-वस्त्राचा संबंध तिथे आहे. ट्रॉली ही माल वाहण्यासाठी. तीत बसलेला मजूर कायद्याच्या भाषेत 'फुकट प्रवासी' ठरतो. आशाराणी खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातल्या अशा प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही असा निकाल दिला. २००७ साली ब्रिजमोहन नावाच्या मजुराच्या खटल्यात न्यायालयाने तत्त्व तेच ठेवले, पण आपला विशेष अधिकार वापरून, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. तो विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा. लोहा तालुक्यातली एक विधवा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हाती कंपनीचा एका ओळीचा नकार होता. नवरा ट्रॉलीत होता. मालकाने स्वतः त्याला त्या ट्रॉलीत बसवले होते, आपल्याच शेतावर नेण्यासाठी. यात फुकट काय होते, हे तिला आम्ही समजावून सांगू शकलो नाही. जादा हप्ता भरून वाहनावरच्या कामगारांचे संरक्षण विमापत्रात घेता येते. किती ट्रॅक्टरमालक घेतात?

राज्य सरकारची शेतकरी अपघात योजना आहे, तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. ३ जून २०१४ रोजी ते स्वतः दिल्लीत रस्ता अपघातात गेले. त्या योजनेत खातेदार शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, त्याच्या घरातल्या आणखी एकाला संरक्षण आहे. चांगली योजना आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे काय? त्याच शेतात, त्याच हळदीत, त्याच ट्रॅक्टरवर तोही मरतो. सातबारा नाही म्हणून तो शेतीत मेला नाही असे धरायचे काय? ही योजना भूमिहीन शेतमजुरांना लागू करा, ही मागणी शेतकरी संघटना करणार नाहीत. ती आपल्यालाच करावी लागेल.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते. चौकात हेल्मेट नसणाऱ्याला गुलाबाचे फूल देतात, शाळेत चित्रकला स्पर्धा होते, पालकमंत्र्यांचा फोटो छापून येतो. हेल्मेट घातलेच पाहिजे, २०२२ साली देशात ५०,०२९ माणसे हेल्मेट नसताना मेली, त्यात आपली तरुण पोरे किती असतील ते ज्याने त्याने आठवावे. पण जिला ट्रॉलीशिवाय दुसरे वाहन मिळतच नाही त्या बाईला गुलाब देऊन काय सांगणार? ट्रॉलीत बसू नका? मग सकाळी सातला शेतावर पोहोचवणारी एसटी द्या. पोलिसांनी चार ट्रॅक्टर अडवून दंड केला तर दुसऱ्या दिवशी बुडतो तो तिचाच रोज.

बोट आमच्याकडेही वळते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला, अशोक विजयादशमीला नागपूरला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आपण छोट्या हत्तीत तीस-तीस माणसे उभी करून नेतो. चालक दोन रात्री झोपलेला नसतो. कार्यकर्ता म्हणून आम्हीही अशा टेम्पोत गेलो आहोत आणि त्याचा अभिमानही मिरवला आहे. आता लाज वाटते. अर्धापूर तालुक्यात दाभडच्या महाविहार बावरीनगरला पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला लाखोंचा समुदाय येतो. तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल रस्ता अपघाताच्या कायद्याचे का असू नये?

त्या टेबलावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण आहे. मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोख न भरता उपचाराची केंद्रीय योजना आहे. धडकून पळून गेलेले वाहन सापडले नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. भरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कुणी घरी बसू नये. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, तो पाठवला काय हे विचारा. आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमाचेही मोल धरावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती खटल्यात बजावले आहे. म्हणून कंपनीचा वकील उत्पन्नाचा पुरावा मागेल तेव्हा गप्प बसू नये. रोजगार हमीचे कार्ड, मुकादमाची वही, जे असेल ते जपून ठेवावे.

संशोधनाचे साहित्यही आपल्या दारातच आहे. नांदेड आणि लातूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत हजारो निकाल पडून आहेत. प्रत्येकात मृताचा धंदा आहे, रोज किती मिळत होता ते आहे, तो कोणत्या वाहनात कसा बसला होता ते आहे. सरकारी अहवालात जे नाही ते सारे तिथे साक्षीपुराव्यात लिहिलेले आहे. विष्णुपुरीत गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शेजारीच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, विधी शाखेचे आपले विद्यार्थी आहेत. दहा वर्षांचे निकाल वाचून कोण मेले, कुठे मेले, कशात बसून मेले याचा तक्ता करायला आयआयटीची वाट पाहावी लागत नाही. हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या कपाटातल्या फायली, पक्षकारांची नावे झाकून, वाचायला मोकळ्या आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू झाला, तर जबाबदार अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण आरोपीच्या रकान्यात चालकाखेरीज दुसरे नाव लिहिण्याची सोय कायद्याने प्रथमच केली. माहितीच्या अधिकारात नांदेड आणि लातूरच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांना द्यायचा अर्ज आम्ही तयार केला आहे. पहिला प्रश्न, कलम १९८-अ खाली आजवर किती गुन्हे नोंदले. दुसरा, गेल्या पाच वर्षांत ट्रॉलीत, टेम्पोत मजूर म्हणून बसलेले किती जण मेले. तिसरा, आलेगावच्या सात जणींची नोंद रस्ता अपघातात केली की नाही, आणि केली नसेल तर ती कोणत्या रकान्यात आहे.