नानांची रायफल, जड गोळी आणि आपले लेथवाले

मंडळी, पोस्ट जरा मोठी झाली आहे. बदलापूर-मुरबाड पट्ट्यात ज्यांची शेती आहे त्यांनी वाचाच. आणि शेताला लागून ज्यांनी नवा फ्लॅट घेतलाय त्यांनीही वाचा, कारण त्यांचाही यात संबंध आहे.

परवा विठ्ठलवाडी डेपोत एसटीची वाट बघत होतो. बारवी धरणाच्या बाजूचे आमचे जुने ओळखीचे नाना भेटले. भात लोंबीवर आलंय आणि रानडुकरांनी रात्रीत अर्धा तुकडा लोळवलाय. मोबाइलवर आधी शेताचा फोटो दाखवला, मग वडिलांच्या लायसनवरून स्वतःच्या नावावर झालेल्या रायफलीचा. म्हणाले, "भाऊ, तुम्ही जन्म लेथवर काढलात. हिची नळी बदलून जरा जाड, जड गोळी जाईल अशी बसवून द्या. मागल्या साली परवानगी काढून डुक्कर मारायला बसलो, गोळी लागली तरी ते पळालं. गोळीत दमच नाही." उल्हासनगरातल्या एका गाळेवाल्याने दोन दिवसांत काम करून देतो म्हणून आकडाही सांगितला होता म्हणे. कोण ते मी विचारलं नाही आणि इथे लिहिणारही नाही.

मी नाही म्हटलं. नानांना राग आला असावा, पण एसटी लागली आणि बोलणं अर्धं राहिलं. ते पूर्ण करायला हे लिहितोय.

नानांची रायफल ३१५ बोअरची आहे, म्हणजे ती आधीच जड गोळीची आहे. ही रायफल जन्मालाच आली ती नळी बदलण्यातून. इंग्रजांच्या फौजेची रायफल होती ३०३. फौजेचं काडतूस सामान्य माणसाच्या बंदुकीत चालू नये, म्हणून नागरिकांना ३०३ बंद होतं. मग शिकाऱ्यांसाठी त्याच ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर वेगळ्या मापाची नळी चढवून ३१५ विकायला सुरुवात झाली. पुढे आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यानेही तीच बनवली. फौजेच्या ३०३ ची गोळी १७४ ग्रेन, म्हणजे साधारण सव्वाअकरा ग्रॅम. ३१५ ची २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम. रानडुकराला ही गोळी कमी पडत असेल तर दोष गोळीच्या वजनात नाही.

दोष बहुतेक नळीत आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत असं रसायन असायचं की बार झाल्यावर नळीत क्षार उरायचे. आपल्याकडचा पावसाळा, त्यात तेल-चिंधी वेळेवर नाही, की आत गंज धरतो आणि पिळे खाऊन टाकतो. निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तिथे ते किती महिने कसं पडून राहतं हे ज्यांनी जमा केलंय त्यांना विचारा. पिळे झिजले की गोळी नीट फिरत नाही, नेम चार बोटं सरकतो. काळजाऐवजी पोटात लागते. डुक्कर पळतं, नाना म्हणतात गोळी हलकी आहे.

पिळ्यांचं काम काय ते सांगतो. लहानपणी भोवरा फिरवलाय ना? बुटका भोवरा हळू फिरला तरी उभा राहतो, उंच भोवरा जोरात फिरवला नाही तर डुलतो. गोळीचं तेच. त्याच जाडीची गोळी जड करायची म्हणजे ती लांब होते, आणि लांब गोळीला नळीतले पिळे जास्त घट्ट लागतात. ३०३ च्या नळीत दर १० इंचांना एक पूर्ण फेरा असतो. लांब गोळीला किती फेरा लागतो याचं गणित ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्येच मांडून ठेवलंय. गोळी बदलली, पिळा तोच ठेवला, तर ती आडवी होत जाते. मग नेम वगैरे विसरा.

आणि पिळे हा भाग त्यातल्या त्यात सोपा. नळी बाहेरून वळणं, आटे पाडणं माझ्यासारखा टर्नर डोळे मिटून करेल. खरी मेख काडतूस बसतं त्या घरात आणि बोल्ट किती घट्ट बंद होतो त्यात आहे. तिथे गेज लागतात, आणि ते गेज आपल्या गाळ्यांत नसतात. बार होताना तिथला दाब चौरस सेंटीमीटरला काही हजार किलोंचा असतो आणि बोल्टमागे सहा बोटांवर तुमचा डोळा असतो. कारखान्यात नवी नळी बसली की नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस, माणूस आडोशाला ठेवून, झाडून बघतात. गाळ्यात ती परीक्षा कोण देणार? नाना देणार, रात्री दोन वाजता, माळ्यावर बसून.

कायद्याचं बोलायचं तर, लायसनवर बोअर लिहिलेला असतो. बोअर बदलला की ते लायसन त्या हत्याराचं राहत नाही. विनापरवाना हत्यार बदलणं, दुरुस्त करणंसुद्धा शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, वर जन्मठेपेपर्यंत. लेथवाल्या भावांनो, दोन दिवसांच्या मजुरीसाठी हा जुगार खेळू नका.

इथपर्यंत नानांना झापलं. आता दुसरी बाजू, आणि माझी खरी तक्रार तिकडे आहे.

पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते. म्हणजे सरकार शेतकऱ्याला म्हणतं, अर्ज कर, परवानगी घे, लायसनच्या हत्याराने मार. ठीक. पण ते हत्यार धड आहे का, हे कोणी बघतं का? नूतनीकरणाला गेलं की नंबर जुळतो का ते बघतात, नळीत डोकावत कोणी नाही. दुरुस्त करायचं तर अधिकृत कारागीर शोधत पार मुंबई-पुण्याला जा. एवढी पायपीट झेपली नाही की माणूस गाळ्याकडे वळतो, किंवा त्याहून वाईट, फासकी आणि गावठी बॉम्बकडे. त्या बॉम्बने गाईगुरांचे जबडे फुटतात.

आणि हे कुठे? जिथून अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी दिसते तिथे! आपल्याकडच्या कित्येक घरांनी त्या फॅक्टरीच्या पगारावर पोरं शिकवली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१५ ची काडतुसं बनतात, ईशापूरला रायफल बनते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे सगळे कारखाने सरकारी कंपन्या झालेत, त्यांना गिऱ्हाईक हवंय. मग रायफल विकणाऱ्या कंपनीने वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी शिबिर का घेऊ नये? नळी बघा, झिजली असेल तर त्याच मापाची नवी बसवा, चाचणी करा, शिक्का मारा, लायसनवर नोंद करा. पैसे शेतकरी देईल, फुकट नकोय.

फ्लॅटवाल्यांचा संबंध इथे येतो. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. नानांच्या बांधावरून आता बदलापुरातल्या टॉवरचे दिवे दिसतात. दहा वर्षांपूर्वी त्या दिशेला नुसता अंधार होता. म्हणून माझं मत असं की वस्तीजवळच्या शेतात रायफल मुळातच नको, बारा बोअर बरी, तिचे छर्रे फार लांब जात नाहीत. नानांना हे पटणार नाही, बापाची रायफल आहे. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये बक्षीस मिळालेली रिग्बी तर याहून कितीतरी हलकी गोळी टाकायची, १४० ग्रेनची, आणि तिने त्याने नरभक्षक मारले. पण नळी शाबूत होती आणि माणूस जवळ जाऊन मारायचा.

नानांना काल फोन केला. गाळेवाल्याला नाही सांगितलंय म्हणाले, पण आवाजात नाराजी होती. डुकरं परवा रात्री पुन्हा आली होती. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं निवेदन घेऊन ठाण्याला कलेक्टर ऑफिसात जाणार आहोत. ज्यांच्या घरी अशी जुनी लायसनची रायफल आहे त्यांनी मला निरोप द्या, सह्या जास्त असल्या तर बरं.