गणतीत नसलेला पादचारी

ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधले दिवा हे स्थानक. मुख्य मार्गावरून एका बाजूला वसईकडे आणि दुसऱ्या बाजूला पनवेलमार्गे कोकणाकडे जाणारे लोहमार्ग येथून फुटतात. या जंक्शनाच्या दोन्ही अंगांना काही लाखांची वस्ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिली. मुंबईत घर परवडेना, ठाण्यात परवडेना, डोंबिवलीतही परवडेना झाले तेव्हा चाकरमानी दिव्यात आला. कुणाचे घर पूर्वेला, पण मुलाची शाळा पश्चिमेला. कुणाचा भाजीचा गाळा पश्चिमेला, पण दवाखाना पूर्वेला. मधे रूळ आणि रुळांवर फाटक. हे फाटक उघडे ठेवावे तर कल्याणपासून मुंबईपर्यंतच्या लोकल खोळंबतात आणि बंद ठेवावे तर दिव्याचे दोन तुकडे होतात. गेली कित्येक वर्षे रेल्वे, महापालिका आणि राज्य शासन या तिघांनी या पेचाकडे पाहिले ते प्रामुख्याने लोकलच्या वेळापत्रकाच्या अंगाने. आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडे जाणारी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लहानगे पोर असलेली बाई वेळापत्रकात कुठेच नसते.

ती हिशेबातही नसते, हे अधिक गंभीर आहे. एखाद्या फाटकावर उड्डाणपूल बांधायचा की नाही, हे ठरवताना रेल्वे ‘ट्रेन व्हेइकल युनिट’ नावाचे माप वापरते. चोवीस तासांत फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखाच्या पुढे गेला की रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधण्यास ते फाटक पात्र ठरते. या गणितात मोटारीला एक गुण, बैलगाडीला एक गुण, रिक्षेला अर्धा. पायी चालणाऱ्या माणसाला गुण नाही. दहा हजार माणसे रोज चालत रूळ ओलांडत असली आणि वाहन एकही जात नसले, तर त्या जागेचा गुणाकार शून्य! हे माप ज्या काळात ठरले, त्या काळी फाटक म्हणजे गावाबाहेरचा रस्ता होता; महानगराच्या पोटातल्या फाटकाची कल्पना त्यामागे नव्हती. पण नियम बदलण्याचे कष्ट घेण्याऐवजी माणसालाच अतिक्रमक ठरवणे सोपे असते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ अन्वये विनापरवाना रुळांवर येणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. असा माणूस गाडीखाली गेला तर तो कागदोपत्री अपघातग्रस्त प्रवासी नव्हे, अतिक्रमक ठरतो आणि त्याच्या कुटुंबाला भरपाईचा दरवाजा सहसा बंदच असतो.

अशा अतिक्रमकांची संख्या किती? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात देशभरात रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यांतील सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रातली आहेत, असे नमूद केले होते. समितीने त्यासाठी योजलेले शब्द सरकारी अहवालात क्वचितच आढळावेत इतके जळजळीत होते. पाच वर्षांत देशातली सगळी फाटके हटवा, त्यासाठी ५० हजार कोटी लागले तरी खर्च करा, अशी शिफारसही तीत होती. पुढे मानवरहित फाटके खरोखरच हटली. ब्रॉडगेजवरचे शेवटचे असे फाटक जानेवारी २०१९ मध्ये इतिहासजमा झाले. या कामाचे श्रेय रेल्वेला निःसंकोच द्यायला हवे. मुंबईतले मृत्यूही पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. तरीही २०२४ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार साधारण वीस वर्षांत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ५१ हजारांहून अधिक माणसे दगावली होती. एखाद्या तालुक्याचे गाव अख्खे पुसले जावे, एवढी ही संख्या. यांत गाडीतून पडलेले आहेत, खांबाला आपटलेले आहेत. पण रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा मोठा आहे.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. लोकांना शिस्त नाही, पूल असूनही ते रुळांवरून जातात. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. दहा पावलांवर पादचारी पूल असताना कानाला मोबाईल लावून रूळ ओलांडणारे सुशिक्षित तरुण कोणत्याही स्थानकात दिसतात. त्यांच्या बेफिकिरीचे समर्थन कुणीही करू नये. मात्र २०१० च्या सुमारास वडाळा परिसरात झालेला एक प्रयोग या बाबतीत विचार करायला लावणारा आहे. मोठ्या आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येत असल्याचा भास माणसाच्या डोळ्याला होतो. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. हे ध्यानी घेऊन तिथे ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले गेले, मोटरमनने एकच लांब हॉर्न न देता तुटक तुटक हॉर्न द्यावा असे ठरले आणि भयाने विस्फारलेल्या चेहऱ्याच्या माणसाचे मोठे छायाचित्र मोक्याच्या जागी लागले. पैसा नाममात्र लागला आणि मृत्यूंत लक्षणीय घट झाली. म्हणजे माणसाचा स्वभाव समजून घेतला तर थोडक्यातही बरेच साधते. पण रुळांवरून जाणाऱ्याला मूर्ख ठरवण्यातच ज्यांचे समाधान, त्यांना स्वभाव समजून घेण्याची गरज वाटत नाही.

दुसरे असे की, पूल आहे म्हणजे तो चढता येतो असे नव्हे. मुंबईतले लोहमार्ग आता २५ हजार व्होल्टच्या विद्युत तारांखाली आहेत. त्या तारांच्या वरून सुरक्षित अंतर राखून पूल न्यायचा म्हणजे तो दोन मजल्यांइतका उंच होतो. गुडघे धरलेली आजी, नववा महिना लागलेली सून, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण यांना दिवसातून चार वेळा दोन मजले चढा आणि उतरा, असे सांगणारा अधिकारी स्वतः मात्र लिफ्टने आपल्या दालनात जात असतो. सरकते जिने बसवले की त्यांतले निम्मे ‘देखभालीसाठी बंद’! भुयारी मार्ग हा उतारवयाच्या माणसाला सोयीचा. पण अंधेरी आणि मिलन सबवेची पावसाळ्यातली अवस्था पाहिल्यावर त्याचे नाव काढायलाही पालिकेचे अभियंते धजत नाहीत.

वाहनांचा उड्डाणपूल झाला की पादचाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटतो, हा तर मोठाच गैरसमज आहे. उड्डाणपुलाला दोन्ही बाजूंनी लांबलचक चढ लागतो. फाटकातून ज्या माणसाला पलीकडे जायला तीन मिनिटे पुरत, त्याला पुलावरून पाऊण-एक किलोमीटरचा वळसा पडतो आणि तोही मोटारींच्या धुरात. पूल सुरू झाला की फाटक कायमचे बंद करायचे, हा रेल्वेचा शिरस्ता. तेव्हा त्या जागी भिंत उभी राहते आणि महिनाभरात त्या भिंतीला भगदाड पडते. मग पुन्हा भिंत, पुन्हा भगदाड. फाटक निदान कुणाच्या तरी नजरेखाली असते. गेटमन असतो, सिग्नल असतो. भगदाडापाशी कुणीच नसते. फाटकावरच्या पुलाचा आराखडा मंजूर होतानाच पादचाऱ्याच्या स्वतंत्र वाटेचा आराखडा त्याला जोडलेला नसेल, तर तो पूल मोटारींना फाटकापासून मुक्त करतो आणि माणसांना भगदाडाकडे ढकलतो.

आता प्रश्न उरतो तो हे करायचे कुणी, याचा. इथेच खरी मेख आहे. प्रचलित व्यवस्थेनुसार प्रत्यक्ष रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचमार्ग महापालिकेने. पुलाचा मधला सांगाडा उभा आहे आणि त्याला दोन्हीकडून रस्ताच नाही, असे दृश्य महाराष्ट्रात नवे नाही. पोहोचमार्गाच्या जागेवर घरे असतात, दुकाने असतात. बाधितांचे पुनर्वसन कुठे करायचे, या प्रश्नापाशी फाईल अडते आणि दिव्यासारख्या ठिकाणी ती वर्षानुवर्षे अडून राहते. त्या जागेवर ही बांधकामे उभी राहत असताना पालिकेचे अतिक्रमणविरोधी पथक काय करीत होते, हा प्रश्न सभागृहात सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर अनेकांना अडचणीचे ठरेल. दोन यंत्रणांनी मिळून बांधलेल्या पुलांचे काय होते याचा आणखी एक नमुना अंधेरीत दिसला. गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीचाच मेळ बसेना. दोन पूल एकमेकांसमोर उभे आणि मधे अंतराळ. पुढे काही महिन्यांनी ते जोडले गेले खरे, पण तोवर मुंबईकरांची चांगलीच करमणूक झाली.

करमणूक नेहमीच होत नाही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि घरी निघालेल्या माणसांचे प्राण गेले. त्या रात्री पहिली चर्चा रंगली ती हा पूल रेल्वेचा की महापालिकेचा याची! संरचनात्मक तपासणीत तो वापरण्याजोगा ठरला होता, हेही लगोलग उघड झाले. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तिथे रुंद पूल हवा ही मागणी जुनी होती, नवा पूल मंजूरही झाला होता. कागद तेवढे पुढे सरकत नव्हते. दुर्घटनेनंतर सेनादलाने अवघ्या काही महिन्यांत पूल उभा केला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो लोकांच्या पायाखाली आला. करी रोड आणि आंबिवलीचे पूलही सेनादलानेच बांधले. जवानांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु सीमेवरच्या माणसांना उपनगरी स्थानकात बोलवावे लागले, याची नागरी यंत्रणेला लाज वाटल्याचे काही दिसले नाही. त्या दुर्घटनेनंतर रेल्वेने एक चांगला निर्णय मात्र घेतला. तोवर पादचारी पूल ही ‘प्रवासी सुविधा’ मानली जात असे, बाकड्यासारखी किंवा पाणपोईसारखी. ती यापुढे अनिवार्य बाब मानली जाईल, असे जाहीर झाले. दीडशे वर्षांच्या रेल्वेला एवढे कळण्यासाठी तेवीस माणसांची किंमत मोजावी लागली.

दिव्याच्या रहिवाशांनी यातून कोणता धडा घ्यावा? २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी गाड्या रखडल्या आणि दिव्यात उद्रेक झाला. दगडफेक झाली, वाहने जळाली, लाखो प्रवाशांचे हाल झाले. त्या हिंसाचाराचा निषेध सर्वांनी केला आणि तो योग्यच होता. मात्र वर्षानुवर्षे मागितलेला जलद लोकलचा थांबा दिव्याला मिळाला तो त्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये. निवेदने देऊन जे मिळाले नाही ते दगड मारल्यावर मिळाले, असा समज यातून रूढ झाला तर दोष फक्त दगड मारणाऱ्यांचा नाही. शांतपणे अर्ज करणाऱ्या रहिवासी संघाला पोचपावतीही न देणारी व्यवस्था दगडाची किंमत वाढवीत असते. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका सुमारे ६२० कोटी रुपये खर्चून फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांबच्या गाड्यांना मोकळी वाट मिळाली, हे चांगलेच झाले. पण रुळांवर गाड्या वाढल्या की रूळ चालत ओलांडणाऱ्याची जोखीमही वाढते. मार्गिकांच्या अंदाजपत्रकात या जोखमीचा खर्च धरला जात नाही.

आणि नेमक्या याच काळात दिव्याच्या रहिवाशांना जाब विचारायला नगरसेवकच उरला नव्हता. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर २०२० पासूनच प्रशासक होता. मतदानासाठी १५ जानेवारी २०२६ उजाडावा लागला. नगरसेवक कसाही असो, पहाटे दार ठोठावता येईल असा तो माणूस असतो. प्रशासकाच्या दारावर पहारेकरी असतो. प्रभाग समितीच्या सभेत आरडाओरडा होत असेल, पण फाटकावर कोण गेले, किती वाजता गेले, तिथे दिवा का नव्हता, हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवले तरी जातात. ती नोंद जवळपास चार वर्षे झाली नाही.

सभागृहे पुन्हा भरली आहेत. आता नव्या नगरसेवकांना एक साधे काम हाती घेता येईल, ज्याला ना निधी लागतो ना मंत्र्याची तारीख. आपल्या प्रभागातील प्रत्येक फाटकावर आणि प्रत्येक भगदाडापाशी सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात पायी जाणाऱ्यांची मोजणी करावी. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. किती ज्येष्ठ, किती शाळकरी मुले, किती ओझे वाहणारे, हे वेगळे नोंदवावे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १७ नुसार रुळांवरून, खालून किंवा वरून सार्वजनिक वाट हवी असेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेला स्वखर्चाने तशी मागणी रेल्वेकडे करता येते. तो अधिकार वापरायचा तर हाती आकडे हवेत आणि अंदाजपत्रकात तरतूद हवी. कमानी, सुशोभीकरण आणि ‘आय लव्ह’ लिहिलेले चमकते फलक यांवर होणाऱ्या खर्चातून ती काढणे अवघड नाही. मोजणीचा तक्ता प्रभाग समितीच्या सभेत मांडून ठरावासह विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे पाठवावा, प्रत खासदारांना द्यावी आणि पुढच्या प्रत्येक सभेत त्याचे काय झाले हा विषय कार्यपत्रिकेवर पहिला ठेवावा. रहिवासी संघांनीही आपल्या नगरसेवकाकडे आधी सत्काराची तारीख न मागता या मोजणीची तारीख मागावी.