दिल्ली ते सांगली स्वस्त, सांगली ते विटा महाग

चार टायर दिल्लीहून सांगलीला आणायला हमाली धरून 940 रुपये लागले. तेच चार टायर सांगलीतून विट्याला न्यायला छोटा हत्तीवाल्यानं 1500 सांगितले. दिल्ली पंधराशे किलोमीटरहून जास्त लांब, विटा पन्नास-पंचावन्न. मी म्हटलं, मामा, काय हिशोब हाय ह्यो? तर म्हणाला, "पाव्हणं, येताना मोकळंच यायचंय मला."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळं उत्तर त्याच्या त्या एका वाक्यात आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचे साडू दिल्लीत गलाईच्या धंद्यात आहेत. खानापूर-आटपाडीकडच्यांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडं घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या राज्यात भट्टीवर असतोच. त्यांच्या ओळखीच्या एकानं नवी एर्टिगा घेतली आणि महिन्याभरात मोठी चाकं बसवली. कंपनीचे जवळजवळ कोरे टायर निघाले, 185/65 आर 15. इकडं आमच्या भावकीतला पोरगा त्याच गाडीवर भाडी मारतो, जमेल तसं वडापही करतो. त्याच्या टायरची नक्षी झिजून पार खुणेला टेकलेली. कायद्यानं 1.6 मिलिमीटर खाच शिल्लक पाहिजे. त्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात बदलतो." 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे खरं, पण तरी चार नवे टायर म्हणजे वीस हजाराच्या आसपास. हप्ता भरून ते कधी उरायचे? आणि त्या पुढच्या महिन्यापर्यंत पावसाळ्यात त्याच टायरवर सात-सात माणसं बसून जातात. त्यात आपलीच पोरं कॉलेजला असतात.

म्हणून साडूंना म्हटलं, पाठवून द्या. आणि मग कळलं की टायर पाठवणं ही काय भानगड आहे.

पहिल्यांदा कुरिअर. टायरचं खरं वजन आठेक किलो. पण कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेतात आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागतात. 62 गुणिले 62 गुणिले 19, भागिले 5000, म्हणजे साडेचौदा किलो. चार टायरचं वजन 32 किलो आणि बिल 58 किलोचं. मधल्या भोकातल्या हवेचंही भाडं आपण द्यायचं! गंमत म्हणजे डिस्कसकट पाठवला तर खरं वजन आणि हे मापाचं वजन जवळपास सारखं होतं, म्हणजे डिस्क जवळजवळ फुकटात येते. नुसता टायर पाठवणाऱ्याचाच तोटा. जुन्या टायरचे व्यापारी जागा वाचवायला टायरात टायर कोंबून पाठवतात. ते मात्र करू नका. कडेची तार वाकली की टायर रिमवर नीट बसत नाही.

मग रेल्वे. गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून निघते ती सातारा, सांगली, मिरज करत जाते, त्यामुळे कागदावर हा सगळ्यात सरळ मार्ग. पण टायर गोणपाटात शिवा, त्यावर नाव-स्टेशन घाला, फॉरवर्डिंग नोट भरा. त्यात गाडीतली सामानाची जागा बऱ्याचदा ठेकेदाराला लीजवर दिलेली असते, मग त्याच्याशी बोला. माल उतरल्यावर ठरलेल्या वेळेत उचलला नाही तर वारफेज चालू. नोकरी-धंदा सोडून दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करायची तयारी असेल तर ठीक.

शेवटी ट्रान्सपोर्टनंच आणले. बिल्टी केली, गोडाऊन डिलिव्हरी घेतली. वजन जवळपास खरं तेवढंच लावलं. किंमत 50 हजारांच्या आत, त्यामुळे ई-वे बिलाचा प्रश्न नव्हता. साडूंनी साध्या कागदावर वापरलेले टायर, घरगुती कामासाठी, विक्रीसाठी नाहीत, असं लिहून सही करून दिलं.

हे इतकं स्वस्त का पडलं? कारण सांगलीचा बेदाणा, हळद, गूळ घेऊन ट्रक उत्तरेला जातातच आणि येताना त्यांना माल पाहिजेच असतो. रिकामं येण्यापेक्षा शंभर जणांची शंभर पार्सलं परवडतात. लांबच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माल आहे म्हणून भाडं उतरतं. सांगली ते विटा, कराड ते पाटण, सातारा ते दहिवडी, इथं दुसऱ्या बाजूचा माल नाही. म्हणून आमचा छोटा हत्तीवाला जाण्या-येण्याचे दोन्ही पैसे माझ्याकडून घेणार.

हमालीबद्दल कुरकुर ऐकतो, ती मला पटत नाही. 1969 चा माथाडी कायदा ज्यांच्या घामातून आला त्यात आपल्या साताऱ्याची, पाटण-जावळीची माणसं होती. वाराईवरून ट्रकवाले "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणतात तेही बरोबरच. माझा माल, माझा हमाल, दिले पैसे. दुखणं तिथं नाही. दुखणं शेवटच्या पन्नास किलोमीटरचं आहे.

आणि त्या पन्नास किलोमीटरवर रोज दोन्ही बाजूंनी कोण धावतं? एसटी. विटा, आटपाडी, जत, शिराळा, पाटण, वडूज, दहिवडी, मेढा, सगळीकडं आगार आहे. गाडी माल असो नसो जाणारच आहे, डिझेल जळणारच आहे. एसटीनं मे 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, जुन्या बसचे ट्रक करून मालवाहतूक सुरू केली, चांगलं केलं. पण अख्खा ट्रक भरणारा व्यापारी आपली सोय कशीही करतो. चार टायर, एक मोटर, दोन पोती बियाणं असलेल्या माणसाचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. सातारा आणि सांगली या दोन विभागांत एसटीनं नगावर दर ठरवावा. कारचा टायर, तालुक्यापर्यंत, इतके रुपये. वजनकाटा नको, मापाची पट्टी नको. दर स्टँडवर मोठ्या अक्षरात रंगवा, छापील पावती द्या, आणि पार्सल आगारात दोन दिवस फुकट ठेवा. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोडाऊनमधून दिवसातून एकदा एसटीच्या गाडीनं माल स्टँडवर आणला तर निम्मा तालुका दुवा देईल.

यावर कुणी म्हणेल, खाजगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतंच की सगळं. येतं. पण पावती नाही आणि डिकीत काय भरलंय ते वर झोपलेल्या प्रवाशाला माहीत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नूलजवळ जी बस जळाली तिच्यात मोबाईलचा मोठा माल होता. रबर तर एकदा पेटलं की पाण्यालाही लवकर दाद देत नाही. म्हणून एसटीतही काय घ्यायचं, काय नाही, किती नग घ्यायचे, हे लिहून ठरलेलं पाहिजे. बॅटरी, गॅस, रसायन नाही म्हणजे नाही. टायर दोन किंवा चार, त्याच्यावर नाही.

टायर शेवटी कसे आले ते सांगायचं राहिलं. तीन दिवस ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्येच होते. मग तो पोरगा सांगलीला दवाखान्याचं भाडं घेऊन आला, पेशंटला सोडलं आणि मागची सीट पाडून दोन घेऊन गेला. येताना त्याच जुन्या टायरवर आला होता. उरलेले दोन पुढच्या भाड्याला न्यायचे आहेत.