खरेदीखत कन्नडमध्ये, सही मराठी माणसाची

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांवरच्या पाट्या, बसवरचे फलक, शाळेचे माध्यम आणि सरकारी परिपत्रके एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. या प्रत्येक बाबतीत आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. ते योग्यच होते. परंतु भाषेपायी सामान्य माणसाचे सर्वांत मोठे नुकसान जेथे होऊ शकते, त्या जागेकडे आपले म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. ती जागा म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरी. जन्मभराची पुंजी घालून माणूस घर घेतो किंवा वाडवडिलांचे घर विकतो, आणि त्या व्यवहाराच्या कागदावर, आत काय लिहिले आहे हे न वाचता, सही ठोकतो. कारण कागद कन्नडमध्ये असतो आणि लिहिणारा सांगत असतो, "सगळे बरोबर आहे, सही करा."

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु आज केलेले खरेदीखत आजच्या कायद्याने चालणार आहे. म्हणूनच घराचा व्यवहार करताना वकील कोणता निवडावा, हा आमच्या मते सीमाभागात भाषेचाच प्रश्न आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 प्रमाणे 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या साठेखताने मालकी येत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले. तरीही बाँड पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतलेली घरे आपल्या भागात थोडी नाहीत. कर्नाटकात 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले आहे. त्यामुळे हा मोह वाढण्याचीच भीती आहे. शुल्क वाचविण्यासाठी मालकीच गमावणे म्हणजे तेलही गेले आणि तूपही गेले, अशी गत होय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एकदा लेखी करार झाला की त्यातील मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसेच आहे. "आमचे बोलणे वेगळे झाले होते, कागदात वेगळेच निघाले" ही तक्रार कोर्टात टिकविणे म्हणूनच अवघड जाते. भाषा येत नव्हती, फसवून सही घेतली, असे म्हणता येते. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात, पैसा जातो.

मग दस्त मराठीत करता येत नाही काय? नोंदणी कायदा 1908 चे कलम 19 प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. दस्त ज्या भाषेत आहे ती निबंधकाला समजत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वापरात नसेल, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तो नाकारता येतो. तेव्हाही जिल्ह्यातील वापरातल्या भाषेतील खरे भाषांतर आणि दस्ताची खरी नक्कल जोडली, तर या कारणावरून नकार देता येत नाही. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही, असे कोण म्हणू शकेल? नोंदणी नाकारली तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, मागणी केल्यास त्यांची नक्कल द्यावी लागते आणि 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. प्रत्यक्षात मात्र आज बहुतेक दस्त कन्नडमध्येच होतात. घर घेणाऱ्याला घाई असते. प्रत्येकाने अपिलात जावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हे कलम ठाऊक असलेला आणि वेळ पडल्यास ते कचेरीत मांडणारा वकील आपल्याकडे असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आता 'स्थानिक वकील' म्हणजे कोण? कोल्हापूरला भाऊ आहे, त्याच्या ओळखीचा वकील चांगला आहे, म्हणून त्याच्याकडून कागद तपासून घेणारे पुष्कळ भेटतात. तो वकील हुशार असेलही. पण तिकडे सातबारा, फेरफार आणि इंडेक्स दोन पाहण्याची सवय असते. येथे शेतजमिनीचा उतारा वेगळ्या नमुन्यात निघतो आणि बोजा पाहण्यासाठी सब-रजिस्ट्रार कचेरीतून ऋणभार प्रमाणपत्र घ्यावे लागते. बोजा वा व्यवहार नोंदलेला असेल तर ते नमुना 15 मध्ये आणि काहीच नसेल तर नमुना 16 मध्ये मिळते. ग्रामपंचायत हद्दीतील घराला ई-स्वत्तूचे नमुना 9 व नमुना 11 लागतात. मुद्रांक कायदाही दोन राज्यांत वेगवेगळा. शिवाय कर्नाटकात काही जमिनी अशा आहेत की त्या सरसकट विकताच येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन 1978 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगीशिवाय विकत घेतली, तर व्यवहारच रद्द ठरतो. अशा जमिनीवर पाडलेला प्लॉट घेणाऱ्याला हे कोण सांगणार? जो रोज याच कचेऱ्यांत वावरतो तोच सांगू शकतो.

परंतु याला दुसरी बाजू आहे. शोध सामान्यतः मागच्या 30 वर्षांचा घेतात. वडिलोपार्जित घराचे मूळ मात्र त्याच्या कितीतरी मागे, 1956 च्या पलीकडे असते. ते कागद मराठीत असतात, काही मोडीत असतात. आजोबांच्या वाटणीपत्रात परसू कोणाच्या हिश्श्याला गेले आणि विहिरीचा वापर कोणाकोणाला, हे त्या कागदातच लिहिलेले असते. ज्याला फक्त कन्नड वाचता येते तो अलीकडचे वाचील, ज्याला फक्त मराठी येते तो पलीकडचे. आपल्याला असा वकील हवा की जो 1956 च्या दोन्ही बाजूंचे कागद वाचू शकतो, निदान मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घेण्याची तसदी घेतो.

वारसांचा मुद्दाही असाच आहे. सीमाभागातील मुली चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे दिलेल्या असतात आणि भाऊ येथे घर विकायला काढतात. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली त्यावर शिक्कामोर्तब केले. कर्नाटकाने तर 30 जुलै 1994 पासूनच त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला होता. "बहिणींचे काही म्हणणे नाही" हे तोंडी आश्वासन घेणाऱ्याच्या कामाचे नाही. बहिणींनी दस्तावर सही केली पाहिजे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले पाहिजे. तेही बहिणीला मराठीत समजावून सांगून, नुसता अंगठा उठवून नव्हे.

यापुढचा प्रश्न, वकील कोणाचा? आपल्याकडे बहुधा एकच माणूस दोघांचेही काम करतो. विकणाऱ्याने किंवा दलालाने त्याला आणलेला असतो आणि घेणारा खर्च वाचला म्हणून खूश असतो. वास्तविक विकणाऱ्याचे हित व्यवहार लवकर उरकण्यात असते, दलालाचे त्याच्या कमिशनमध्ये असते, आणि घेणाऱ्याचे हित दोष शोधण्यात असते. एकाच माणसाने हे सर्व सांभाळावे कसे? एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेऊ नये, असे वकिलांच्या आचारसंहितेतच आहे. बाँड रायटर हा मसुदा लिहून देतो. तो कितीही अनुभवी असला तरी मालकीहक्काची तपासणी करून त्यावर लेखी मत देणे हे सनदधारक वकिलाचे काम होय. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद निर्वेध, हीदेखील एक समजूतच आहे. बँकेचा वकील बँकेपुरते पाहतो.

वकिलाकडे जाल तेव्हा काही गोष्टी आधीच विचाराव्यात. दलालाशी किंवा समोरच्या पक्षाशी त्यांचा संबंध आहे काय? फी किती, आणि त्यात शोध, लेखी अहवाल, मसुदा व नोंदणीच्या दिवशीची हजेरी हे सर्व धरले आहे काय? मुद्रांक आणि नोंदणी शुल्काचा हिशेब वेगळा व पावतीसह मिळेल काय? इसार देण्यापूर्वी अहवाल मिळेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दस्ताचा मसुदा आधी घरी मिळेल काय आणि तो ओळीओळीने मराठीत समजावून सांगाल काय? 2023 पासून सुरू झालेल्या कावेरी 2.0 पद्धतीत दस्ताची माहिती आधी संगणकावर भरावी लागते, ती कचेरीत तपासली जाते आणि मग नोंदणीची वेळ मिळते. म्हणजे मसुदा आधीच तयार असतो. "ऐनवेळी कागद झाला, वाचायला सवड नाही" ही सबब आता चालवून घेऊ नये. दस्ताच्या शेवटी 'हा मजकूर पक्षकारांना मराठीत वाचून व समजावून सांगितला' असे वाक्य घालून घ्यावे आणि वकिलाच्या सहीचे मराठी भाषांतर मूळ कागदासोबत घरात जपून ठेवावे. जी मंडळी विकणारी आहेत त्यांनीही स्वतःचा वकील करावा. पूर्ण पैसे हाती येण्यापूर्वी मूळ कागद किंवा मुखत्यारपत्र कोणाच्या स्वाधीन करू नये.

वकील परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी वाट आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर सल्ला मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात अर्ज करावा. एकट्या राहणाऱ्या विधवा भगिनींनी तर घर विकण्यापूर्वी ही पायरी चुकवू नये.

आता थोडे आपल्याच माणसांना न रुचणारे. वकील मराठी बोलतो, सभांना येतो, एवढ्यावरून तो निवडू नये. आपला म्हणून ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याने कागद नीट न वाचल्यास होणारे नुकसान कन्नड वकिलाने केलेल्या नुकसानीपेक्षा कमी नसते. उलट, जो कन्नडभाषक वकील सगळा दस्त शांतपणे मराठीत समजावून सांगतो, तो आपल्या अधिक उपयोगाचा. भाषेचा आग्रह हा समजून घेण्याच्या हक्कासाठी आहे, माणसाचे आडनाव पाहण्यासाठी नाही.

तसेच कन्नड वाचता येणे म्हणजे शरणागती नव्हे. आम्ही कन्नडसक्तीला विरोध केला, पुढेही करू. परंतु सक्ती नाकारणे वेगळे आणि समोरच्या कागदापुढे आंधळे राहणे वेगळे. दस्तातील कितीतरी शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण तेच. क्रयपत्र म्हणजे खरेदीखत, चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा, अडमान म्हणजे गहाण, हक्कु बिडुगडे पत्र म्हणजे हक्कसोडपत्र. ज्याला क्रयपत्र आणि करारपत्र यांतला फरक अक्षरांवरून ओळखता आला, त्याला साठेखत दाखवून खरेदीखत म्हणून कोणी गळ्यात मारू शकणार नाही. येथे वाढलेल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावेच लागते. त्या मुलाला किंवा मुलीला दस्ताच्या आदल्या रात्री शेजारी बसवून सर्व्हे नंबर, चौरस फूट आणि चतुःसीमा ताडून पाहायला काय हरकत आहे? एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे तर घराघरांत पाठ असावे.

समितीच्या गावोगावच्या शाखांनीही या कामात लक्ष घालावे, अशी आमची सूचना आहे. खरेदीखत, साठेखत आणि हक्कसोडपत्र यांचे कन्नड-मराठी नमुने शेजारी शेजारी छापून वाचनालयात ठेवावेत. महिन्यातून एका रविवारी दोन्ही भाषा जाणणाऱ्या वकिलाने गावात बसून कागद वाचून दाखवावेत. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. त्याचा आधार घेऊन दस्तांचे मराठी नमुने प्रत्येक सब-रजिस्ट्रार कचेरीत उपलब्ध करावेत, अशी लेखी मागणी प्रत्येक तालुक्यातून जावी. ती मान्य होईपर्यंत एक नियम मात्र आपल्याच हाती आहे. जो कागद आपल्याला आपल्या भाषेत समजला नाही, त्यावर सही करायची नाही. आणि जो वकील तो समजावून सांगायला कंटाळतो, त्याच्याकडे पुन्हा जायचे नाही.