मैल्याची टाकी खासगी, मरण मात्र सफाई कामगाराचे

जयपूरच्या पश्चिमेस वसलेले वैशाली नगर ही मध्यमवर्गाची वसाहत. 1727 साली वसविलेल्या तटबंदीच्या शहराबाहेर अलीकडच्या दशकांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. देशातील जवळजवळ प्रत्येक शहराच्या अशा विस्तारात घरे आधी बांधली जातात, भुयारी गटार मागाहून येते आणि कित्येक ठिकाणी येतच नाही. तोवर घरातील मैला अंगणाच्या फरशीखाली, सेप्टिक टँकमध्ये साठत राहतो. 2011 च्या जनगणनेनुसार शहरी भारतातील 32.7 टक्के कुटुंबांची शौचालये भुयारी गटाराला जोडलेली होती. सेप्टिक टँकवर अवलंबून असलेली कुटुंबे 38.2 टक्के होती. फरशीखालची टाकी हा अपवाद नसून शहरी भारताचा नियम आहे.

या टाकीचे शास्त्र साधे आहे. घरातील मैलापाणी तिच्यात एक-दोन दिवस संथ राहते. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट व हलका भाग पृष्ठभागावर सायीसारखा तरंगतो आणि मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्याकडे जाते. हवेवाचून जगणारे जंतू गाळ कुजवून त्याचे आकारमान घटवितात. परंतु तो नाहीसा करीत नाहीत. बाहेर पडणारे पाणीही शुद्ध नसते. त्यातील रोगजंतूंचा नाश व्हायचा तो पुढे जमिनीत, आणि जमीन उथळ वा खडकाळ असेल तर तेच पाणी शेजारच्या विहिरीत उतरते. म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. सेप्टिक टँक प्रश्न सोडवीत नाही. तो केवळ पुढे ढकलतो. टाकी भरण्याचा दिवस अटळ असतो आणि त्या दिवशी कोणाला तरी बोलवावेच लागते. टाकीचे राजकारण नेमके येथे सुरू होते.

कुजण्याच्या त्याच क्रियेतून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा दर्प असतो. परंतु त्याचे प्रमाण वाढताच नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटावे, त्याच क्षणी मृत्यू सर्वांत जवळ असतो. गाळ ढवळताच त्यात अडकलेला वायू एकदम उसळतो. बंद टाकीत प्राणवायू आधीच अपुरा असल्याने उतरलेला माणूस क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचवायला धावलेला सोबतीही त्याच्याच अंगावर पडतो. अशा घटनांत एकाच वेळी तीन-चार कामगार दगावतात, त्याचे कारण हे आहे.

जयपूरनेच याचा ताजा दाखला दिला. 26 मे 2025 रोजी रात्री शहराच्या दक्षिणेकडील सीतापुरा औद्योगिक क्षेत्रात, दागिन्यांच्या एका कारखान्याच्या सेप्टिक टँकमध्ये चार कामगार गुदमरून मेले. धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेलेले सोन्या-चांदीचे कण गोळा करण्यासाठी त्यांना टाकीत उतरविण्यात आले होते. मालकाच्या लेखी गाळातील सोन्याला किंमत होती. गाळात उतरणाऱ्या माणसाला नव्हती. महाराष्ट्रानेही राजस्थानकडे बोट दाखवू नये. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मृत्युमुखी पडले. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात पाच जण गेले.

मग कायदा काय करतो? 1993 साली एक कायदा झाला, 2013 साली दुसरा. दुसऱ्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईवर बंदी घातली, पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. परंतु 'धोकादायक सफाई' याची व्याख्या अशी केली की, संरक्षक साधने दिली तर माणसाला आत उतरविणे निषिद्ध राहत नाही. बंदीच्या पोटातच पळवाट ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती रक्कम तीस लाखांवर नेली. न्यायालयाने मरणाची भरपाई वाढविली. मरण थांबविण्याचे काम सरकारचे होते.

सरकारने मात्र शब्दांचा आधार घेतला. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे उत्तर जुलै 2021 मध्ये राज्यसभेत देण्यात आले. त्याच सरकारने पुढे संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक यांच्या सफाईत 377 जण मरण पावले. प्रथेचे नाव बदलले की प्रथा संपते, असा हा न्याय आहे. या कामावरील कामगारांत अनुसूचित जातींचे लोक बहुसंख्य आहेत, हे सरकारच्याच पाहणीत दिसून आले आहे. जातीने ज्यांच्यावर हे काम लादले, त्यांनाच ठेकेदारी पद्धतीने हजेरीपटाबाहेर ठेवले. जातिव्यवस्था व भांडवली नफेखोरी येथे एकमेकींच्या हातात हात घालून चालतात.

घराच्या प्रश्नावर 1872 साली लिहिताना एंगल्सने दाखवून दिले होते की, भांडवलदार वर्ग गलिच्छ वस्त्यांचा प्रश्न सोडवीत नाही. त्या फक्त दुसरीकडे हलवितो. सेप्टिक टँकच्या बाबतीत हेच घडते. घरमालक मैला टँकरवाल्याकडे सोपवितो, टँकरवाला तो रात्री नाल्यात वा शेतात ओततो आणि नाल्याकाठची झोपडपट्टी त्याची किंमत आजारपणाने चुकविते. टाकी खासगी मानली, की तिच्यातील घाण व तिच्यातील मृत्यू या दोहोंना कोणीच जबाबदार उरत नाही.

वेगळी वाट अशक्य नाही. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने 2018 पासून गावातील टाक्या तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या क्रमाने टँकरने उपसण्याची व्यवस्था सुरू केली आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभारले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही तोच मार्ग धरला. घरमालकाने टाकी तुंबेपर्यंत थांबायचे आणि मग मिळेल त्या माणसाला बोलवायचे, ही पद्धत तेथे मोडली. हे काम तेथेही ठेकेदाराकडून करून घेतले जाते, ही त्या योजनेची मोठी उणीव आहे. परंतु टाकी उपसणे ही घरमालकाची लहर नसून नगरपालिकेची सेवा होऊ शकते, एवढे त्या लहान गावांनी सिद्ध केले. वाईला जे साधते ते राजधानीच्या शहरांना साधत नसेल, तर उणीव पैशाची नसून इच्छेची आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक टाकीची नोंद नगरपालिकेने ठेवावी आणि ती ठरलेल्या मुदतीत यंत्रानेच उपसावी. कोणत्याही कारणास्तव माणसाला आत उतरविण्यावर संपूर्ण बंदी असावी. टँकरचे चालक व मदतनीस यांना कायम नोकरीत घ्यावे. मुंबई महानगरपालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांनी दीर्घ लढ्यानंतर एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपणाचा हक्क मिळविला. तो हक्क सर्वांचा आहे. मृत्यू घडल्यास मुकादमावर नव्हे, तर मूळ मालकावर व जबाबदार अधिकाऱ्यावर खटला चालावा.

या लढ्याची सुरुवात दिल्लीत वा मुंबईत होण्याची वाट पाहावयाची गरज नाही. आपल्या गावातील टाक्या कोण उपसतो, त्याला किती मजुरी मिळते आणि टँकर कोठे रिकामा होतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शाखेने शोधावीत. त्या टँकरवरील कामगार युनियनचा सभासद होईल, तेव्हाच कायद्याची बंदी कागदावरून जमिनीवर उतरेल.